खाटेवरील सेवा
(मिस एमी कारमायकल यांचे चरित्र)

आपल्या मंडळ्यांत असे एखादे घर असतेच, की जेथे कोणी वर्षानुवर्षे अंथरुणास खिळून आहे. औषधे झाली, प्रार्थना झाल्या, तरी गुण येत नाही. मग तो दुखणाईत मनात म्हणतो, मी आता देवाच्या काय उपयोगाचा? अशा बंधुभगिनींकरिता आज एका देवभक्त बाईचे चरित्र थोडक्यात देत आहो.

एमी कारमायकल यांचा जन्म आयर्लंड देशातील मिलाइल या समुद्रकाठच्या गावी १६ डिसेंबर १८६७ रोजी झाला. लहानपणी त्यांस आपले तपकिरी डोळे आवडत नसत. निळे डोळे मिळावे म्हणून एके रात्री त्यांनी देवाजवळ मागणे केले व सकाळी आरशात पाहिले, तो डोळे होते तसेच! नाही हेही देवाचे उत्तर असते, हा धडा त्या बालपणीच शिकल्या. पुढे हिंदुस्थानात साडी नेसून फिरताना त्याच डोळ्यांचा उपयोग झाला, असे त्या सांगत.

त्यांची प्रकृती मुळातच नाजूक होती. मज्जातंतूंच्या दुखण्यामुळे त्यांस मधून मधून अंथरुण धरावे लागे. चीन देशी जाण्याची तयारी झाली असता डॉक्टरांनी परवानगी नाकारली. १८९३ साली त्या जपानात गेल्या, पण तेथेही आजारी पडून त्यांस परतावे लागले. अखेर १८९५ साली त्या दक्षिण हिंदुस्थानात आल्या. तेव्हापासून मरेपर्यंत, म्हणजे सुमारे पंचावन्न वर्षे, त्या एकदाही मायदेशी गेल्या नाहीत.

तिरुनेलवेली प्रांतात तमिळ भाषा शिकून त्या गावोगाव शुभवर्तमान सांगत असता, १९०१ च्या मार्च महिन्यात प्रीना नावाची सात वर्षांची एक मुलगी देवळाच्या बायकांच्या घरातून पळून त्यांच्या आश्रयास आली. आपल्याकडे खंडोबास मुरळी वाहण्याची जशी चाल होती, तशीच तिकडे लहान मुलींस देवास वाहण्याची चाल होती. या मुलींचे पुढे काय होते, हे बाईंस समजले तेव्हा त्यांचे अंतःकरण पिळवटून गेले. दोहनावूर येथे त्यांनी अशा मुलींकरिता घर उभारले व १९१८ पासून मुलांसही घेऊ लागल्या. शेकडो लेकरे त्यांस अम्मा म्हणत. मद्रास इलाख्यात मुली वाहण्यास बंदी करणारा कायदा १९४७ साली झाला, तो बाईंनी आपल्या हयातीत पाहिला.

आता त्यांच्या कसोटीची गोष्ट ऐका. २४ ऑक्टोबर १९३१ रोजी सकाळी बाईंनी अशी प्रार्थना केली होती की, तुझी सेवा अधिक चांगली व्हावी म्हणून माझे जे करावयाचे ते कर. त्याच सायंकाळी कळक्काडु गावी दवाखान्याकरिता घेतलेले घर पाहण्यास त्या गेल्या असता, भलत्याच जागी खणलेल्या एका खड्ड्यात पडल्या. पाय मोडला, घोटा मुरगळला व पाठीस इजा झाली. काही आठवड्यांत बऱ्या होतील असे वाटले होते. लेकरांनी व सोबत्यांनी कळकळीने प्रार्थना केल्या. तथापि आराम पडला नाही. ज्या पायांनी त्या लेकरांमागे धावत, ते पुन्हा पूर्वीसारखे चालले नाहीत. सुमारे वीस वर्षे त्यांची बहुतेक सर्व सेवा एका खोलीतच झाली.

बाईंस दुःख झाले नाही काय? झाले. रात्र रात्र झोप येत नसे, आणि आपला भार इतरांवर पडतो याची खंत वाटे. धडधाकट माणसांनी लिहिलेली समाधानाची पत्रके लोक त्यांस पाठवीत, पण ती त्यांच्या मनास लागत नसत. तेव्हा दुखणाइताने दुखणाइतांस लिहावे, या हेतूने त्यांनी खाटेवरूनच एक पुस्तक लिहिले. ते १९३३ साली प्रसिद्ध झाले. काटेरी झुडपातील गुलाब, असा त्याच्या नावाचा अर्थ आहे. त्या वर्षांत त्यांनी दहांहून अधिक पुस्तके व असंख्य चिठ्ठ्या लिहिल्या. लेकरे व कामकरी त्यांच्या खाटेपाशी येत व धीर घेऊन जात. १९४८ साली त्या पुन्हा पडल्या आणि त्यानंतर त्यांस हालचाल करणेही कठीण झाले. १८ जानेवारी १९५१ रोजी त्या प्रभूमध्ये निजल्या. आपल्या कबरेवर दगड नसावा अशी त्यांची इच्छा होती. म्हणून तेथे पाखरांकरिता पाण्याचे एक पात्र ठेविले असून, त्यावर अम्माई एवढेच लिहिले आहे.

वाचकहो, पौलानेही आपल्या देहातील काटा निघावा म्हणून तीन वेळा विनंती केली होती. काटा राहिला, पण कृपाही राहिली. कारमायकलबाईंचा आनंद वेदना संपल्यामुळे आलेला नव्हता. वेदनेत प्रभू जवळ आहे, या खात्रीतून तो उपजला होता. तेव्हा दुखणाईत बंधो, तुझ्या विश्वासात उणे आहे म्हणून तू आजारी आहेस, असे कोणी म्हटल्यास खचू नको. अंथरुणावरून तुला एका शेजाऱ्याकरिता प्रार्थना करिता येईल, एका लेकराशी गोड शब्द बोलता येईल. तीही सेवाच होय. आणि उपदेशक बंधूंनो, दुखणाइताच्या घरी जाल तेव्हा उपदेशाची घाई करू नका. प्रथम त्याच्या खाटेपाशी बसा व त्याचे ऐका. कदाचित त्या दिवशी तोच तुम्हांस शिकवील.