पॅप टेस्टचे डॉ. पापानिकोलाऊ



इथे राहणाऱ्या आपल्या बहुतेक भगिनींनी पॅप टेस्ट कधी ना कधी करून घेतलेली असते. रिपोर्ट येतो, त्यात मेटाप्लाझिया किंवा डिस्प्लाझिया असा एखादा शब्द दिसतो आणि रात्रीची झोप उडते. त्या शब्दांविषयी लिहायचे म्हणून आम्ही वाचायला बसलो आणि 'पॅप' या नावामागच्या माणसातच अडकलो. तोही आपल्यासारखाच, देश सोडून आलेला!

जॉर्ज पापानिकोलाऊ यांचा जन्म १३ मे १८८३ रोजी ग्रीसमधल्या कीमी या गावी झाला. वडील डॉक्टर. मुलानेही डॉक्टर होऊन जवळ राहावे ही त्यांची इच्छा (आपल्या घरांतही ही गोष्ट नवीन नाही). १९०४ मध्ये अथेन्सला डॉक्टरकी पूर्ण केली खरी, पण मन संशोधनात. म्युनिकला जाऊन १९१० मध्ये प्राणिशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी आंद्रोमाखीशी लग्न झाले. पुढे अमेरिकेत तिची मेरी झाली.

१९ ऑक्टोबर १९१३ रोजी दोघे न्यूयॉर्कला उतरले तेव्हा जवळ २५० डॉलर होते आणि इंग्रजी येत नव्हते. डॉक्टर आणि वर डॉक्टरेट असलेला हा माणूस एका मोठ्या दुकानात गालिचे विकायला उभा राहिला, हॉटेलात व्हायोलिन वाजवू लागला. मेरी आठवड्याला ५ डॉलरवर बटणे शिवत होती. परदेशातली पहिली वर्षे दुकानाच्या काउंटरवर काढलेल्यांना याहून जास्त काही सांगायला नको. १९१४ मध्ये कॉर्नेल मेडिकल कॉलेजात काम मिळाले. मेरीही तिथेच मदतीला, बिनपगारी.

तिथे गिनीपिगच्या मादीच्या योनीतला स्राव रोज काचेवर घेऊन ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. प्रजनन चक्राप्रमाणे स्रावातल्या पेशी बदलतात हे त्यांना दिसले. १९१७ मध्ये ते प्रसिद्धही झाले. मग प्रश्न आला माणसाचा. मेरी पुढे आली आणि अनेक वर्षे तिने स्वतःचा नमुना रोज दिला. निरोगी पेशी कशी दिसते हे त्यांनी बायकोच्या पेशी पाहून शिकून घेतले. त्यामुळेच पुढे इस्पितळातल्या बायकांचे नमुने पाहताना कर्करोगाच्या वेड्यावाकड्या पेशी त्यांना चटकन वेगळ्या दिसल्या.

आता ते शब्द. गंमत म्हणजे ते मूळचे ग्रीक, म्हणजे डॉक्टरांच्या मातृभाषेतलेच. 'प्लासिस' म्हणजे घडण. हायपरप्लाझिया म्हणजे पेशींची संख्या वाढणे. मेटाप्लाझिया म्हणजे एका जातीच्या पेशींची जागा दुसऱ्या जातीच्या पेशींनी घेणे. गर्भाशयाच्या तोंडाशी हे नेहमी घडते आणि बहुधा त्यात घाबरण्यासारखे काही नसते. डिस्प्लाझिया म्हणजे घडण बिघडणे: पेशींचे केंद्र मोठे, मांडणी विस्कटलेली. हा कर्करोग नव्हे. सौम्य असेल तर बऱ्याचदा आपोआप बरा होतो, तीव्र असेल तर उपचार लागतात. पण दोन्हींत पुन्हा तपासणीची तारीख चुकवायची नाही. नेक्रोसिस म्हणजे पेशी मरणे, ते वेगळेच प्रकरण.

१९२८ मध्ये मिशिगनमधल्या एका परिषदेत त्यांनी हे मांडले तेव्हा कोणी फारशी दखल घेतली नाही. तुकडा काढून तपासता येतो, मग सुट्या पेशी कशाला पाहायच्या, असा सूर होता. डॉक्टर दहा-बारा वर्षे दुसरे काम करत राहिले. मग स्त्रीरोगतज्ज्ञ हर्बर्ट ट्राउट यांच्या सोबतीने १९४१ मध्ये लेख आणि १९४३ मध्ये पुस्तक आले, तेव्हा कुठे जग वळले. नंतरच्या काही दशकांत अमेरिकेत या कर्करोगाचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. नोबेल मात्र मिळाले नाही. रुमानियात ऑरेल बाबेश यांनीही १९२७ मध्ये असेच काम मांडले होते, हेही सांगायला हवे.

आपल्याकडे ही टेस्ट गावोगावी पोचली नाही, कारण स्लाइड वाचणारी तयार माणसे लागतात. उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३०,००० हून अधिक बायकांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. ज्या गावांत एचपीव्ही विषाणूची चाचणी एकदाच झाली, तिथे या रोगाचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. तिथे पॅपपेक्षा ही चाचणी सरस ठरली. आईला किंवा सासूबाईंना यातली कुठलीच तपासणी कधी झाली आहे का, हे आम्ही घरी विचारले. उत्तर बहुतेकींचे नाही असेच होते.

डॉक्टर १९६१ मध्ये मायामीला गेले आणि १९ फेब्रुवारी १९६२ रोजी वारले. मेरी १९८२ पर्यंत होती. ग्रीसने १९९५ मध्ये १०,००० द्राख्माच्या नोटेवर डॉक्टरांचे चित्र छापले. २००२ मध्ये युरो आला आणि ती नोट व्यवहारातून गेली.