मुसीला महापूर आला आणि निजामाने विश्वेश्वरय्यांना बोलावलं

28 सप्टेंबर 1908. हैदराबादेत मुसी नदीने काठ सोडले आणि हजारो माणसं वाहून गेली. आपलं नांदेड, लातूर तेव्हा याच निजामाच्या संस्थानात होतं. पुन्हा असं घडू नये म्हणून निजाम सरकारने ज्यांना बोलावलं, ते इंजिनियर पुण्यात शिकलेले होते.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मूळचे म्हैसूर संस्थानातले, जन्म 1861 चा. 1883 मध्ये ते पुण्याच्या सायन्स कॉलेजातून, म्हणजे आजच्या सीओईपीतून, पहिले आले. पुढच्या वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे त्यांचेच. सरकारी नोकरी सोडून युरोपात फिरत असताना त्यांना हैदराबादचं बोलावणं आलं.

नदी खोल करा, भिंत बांधा, असं कुणीही सुचवलं असतं. विश्वेश्वरय्यांनी आधी हिशेब मांडला. पाऊस किती पडला, वरचे किती तलाव फुटले, आणि शहरातलं पात्र किती पाणी नेऊ शकतं?

हे गणित गल्लीतल्या नाल्यालाही लागू आहे. पाणी भरलेल्या काटछेदाचं क्षेत्रफळ गुणिले वेग, इतकं पाणी दर सेकंदाला जातं. वेग ठरतो तो पात्राचा आकार, खडबडीतपणा आणि उतार यांवर. घोळ उताराचाच होतो. समजा, वर 100 मीटरला 1 मीटर उतार आहे आणि पुढे 400 मीटरला 1 मीटर. एकाच मापाच्या, काठोकाठ भरलेल्या नाल्यात पुढचा वेग निम्माच राहतो. वरचं पाणी तिथे मावत नाही, बाहेर येतं. सरासरी उतार धरला तर नाला कागदावर पास होतो आणि पाणी घरात शिरतं. लातूरला शहरातून मोठी नदी नाही, तिथे असा सपाट तुकडाच निर्णायक. नांदेडला गोदावरी चढली की नाल्याचं तोंडच अडतं, मग उतार असूनही उपयोग नाही.

हैदराबादचं पात्रही महापुराला पुरणारं नव्हतं. म्हणून पाणी शहराच्या वरच अडवा, असं त्यांनी सांगितलं. जोडीला शहराच्या गटारांची योजनाही आखली आणि 1909 मध्येच ते म्हैसूरला चीफ इंजिनियर म्हणून गेले. मुसीवरचा उस्मानसागर 1920 मध्ये, तर तिला मिळणाऱ्या इसीवरचा हिमायतसागर 1927 मध्ये पूर्ण झाला. 1955 मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. 1962 मध्ये, शंभरी ओलांडून, ते गेले.