डोरोथी हॉजकिन : एका रेणूचा पाठपुरावा

इंग्लंडमधील बेकल्स या लहानशा गावाच्या शाळेत 1920च्या दशकात रसायनशास्त्र हा मुलांचा विषय समजला जाई. डोरोथी क्रोफूट आणि तिची एक मैत्रीण या दोघींना मात्र शाळेने मुलांच्या वर्गात बसू दिले. ऑक्सफर्डच्या प्रवेशासाठी लॅटिन आवश्यक होते. त्याची तयारी मुख्याध्यापकांनी स्वतः करून घेतली. शाळेने एका मुलीसाठी केलेल्या या दोन गोष्टी वरवर किरकोळ होत्या, पण पुढचे सारे त्यांच्यावरच उभे राहिले.

1910 साली कैरो येथे जन्मलेल्या डोरोथी ऑक्सफर्डची पदवी घेऊन 1932 मध्ये केंब्रिजला जे. डी. बर्नाल यांच्याकडे गेल्या. स्फटिकातून क्ष-किरण सोडले की फिल्मवर ठिपक्यांची नक्षी उमटते. त्या ठिपक्यांच्या तीव्रतेवरून गणिताने मागे मागे जात रेणूत कोणता अणू कोठे बसला आहे, हे शोधावयाचे, असे हे शास्त्र. 1934 मध्ये बर्नाल यांनी पेप्सिनच्या ओल्या स्फटिकाचे छायाचित्र घेतले, त्या दिवशी डोरोथी हातांच्या दुखण्यासाठी लंडनला डॉक्टरांकडे गेल्या होत्या. तो संधिवात जन्मभर राहिला, बोटे वाकली. यंत्राची कळ ओढता यावी म्हणून त्यांनी तिला लांब दांडा बसवून घेतला आणि काम चालू ठेवले.

त्याच वर्षी ऑक्सफर्डला परतल्यावर रॉबर्ट रॉबिन्सन यांनी त्यांना इन्शुलिनचे थोडे स्फटिक दिले. छायाचित्र निघाले, परंतु एवढ्या मोठ्या रेणूचे कोडे सोडविण्याचे साधन तेव्हा कोणाकडेच नव्हते. मग महायुद्ध आले आणि पेनिसिलिनची निकड भासू लागली. त्याच्या रचनेवरून रसायनशास्त्रज्ञांत तीव्र मतभेद होते. 1945 मध्ये डोरोथींनी रॉबिन्सन यांच्या तर्काविरुद्ध कौल दिला : रेणूच्या गाभ्यात चार अणूंचे ताणलेले कडे आहे. औषध जिवाणूंना मारते ते या कड्यामुळे आणि सहज बिघडते तेही त्याच्यामुळेच. नंतरची नवी पेनिसिलिने हे कडे जपूनच घडविण्यात आली.

त्यानंतर ब-12 जीवनसत्त्वाची रचना त्यांनी उलगडली आणि 1964 चे रसायनशास्त्राचे नोबेल एकट्या त्यांना मिळाले. तीन मुलांची आई असलेली गृहिणी हेच वर्णन तिकडच्या वृत्तपत्रांना तेव्हाही अधिक मोलाचे वाटले, हेही नोंदवायला हवे.

इन्शुलिन मात्र मनातून गेले नव्हते. 51 अमिनो आम्लांच्या त्या रेणूची रचना हाती आली 1969 मध्ये, पहिल्या स्फटिकानंतर पस्तीस वर्षांनी. तोवर संगणक आले होते, आणि स्फटिकात जड अणू बसवून गणित सोपे करण्याची युक्तीही. त्या यशातील सहकाऱ्यांत बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून गेलेले एम. विजयन हे तरुण संशोधकही होते. डोरोथी हॉजकिन 1994 मध्ये निवर्तल्या. विजयन यांनी बंगळुरूला परतून प्रथिनांच्या स्फटिकांचा हाच अभ्यास भारतात रुजविला.