भैय्यासाहेब आणि चैत्यभूमीचा निधी

७ डिसेंबर १९५६ रोजी दादर चौपाटीवर परमपूज्य बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले. ती जागा कायम राखण्याची तळमळ त्यांचे सुपुत्र यशवंतराव तथा भैय्यासाहेब आंबेडकरांना होती. जन्म १२ डिसेंबर १९१२. बाबासाहेबांनंतर भारतीय बौद्ध महासभेची धुरा त्यांनी वाहिली. स्मारकनिधीसाठी बाबासाहेबांच्या जन्मगावाहून, महूहून मुंबईपर्यंत भीमज्योत काढली. गोरगरिबांनी पदरचे पैसे दिले. ५ डिसेंबर १९७१ रोजी त्यांच्या पत्नी मीराताईंच्या हस्ते चैत्यभूमीचे उद्घाटन झाले. १७ सप्टेंबर १९७७ रोजी भैय्यासाहेब गेले.

आम्ही वर्तकनगरवासी दर ६ डिसेंबरला तिथे रांगेत उभे राहतो. पण खरं सांगायचं तर विहाराच्या वर्गणीला आमचा हात आखडतो. वास्तू नुसती बांधून भागत नाही, ती राखावी लागते. भैय्यासाहेबांना विनम्र अभिवादन!