रक्ताची वाट शोधणारा हार्वे

रक्त तपासायला लॅबमध्ये गेलं की तिथला मुलगा आपल्या दंडाला रबरी पट्टा आवळतो, मूठ मिटायला सांगतो आणि कोपराच्या आतल्या बाजूची शीर टरारून वर येते. सुईच्या भीतीने आपण तोंड फिरवतो, म्हणून एक गोष्ट बघायची राहूनच जाते. शीर फुगते ती पट्ट्याच्या खाली, पंजाच्या बाजूला. खांद्याच्या बाजूला नाही. म्हणजे शिरेतलं रक्त पंजाकडून वर हृदयाकडे निघालेलं असतं आणि पट्टा त्याची वाट अडवतो. कळल्यावर सोप्पं वाटतं की नाही? पण हे पुराव्यानिशी मांडलं जायला १६२८ साल उजाडावं लागलं. मांडणारा इंग्लंडचा डॉक्टर म्हणजे विल्यम हार्वे. मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्याचं नाव एका ओळीत येऊन जातं. त्याच्या आयुष्यातल्या बायका तर त्या ओळीतही नसतात.

हार्वेचा जन्म १ एप्रिल १५७८ चा, केंट परगण्यातल्या फोकस्टन या समुद्रकाठच्या गावातला. नऊ भावंडांत हा थोरला. पाठचे भाऊ लंडनला व्यापारात शिरून पैसेवाले झाले, थोरल्याने डॉक्टरकी धरली. केंब्रिजला शिकून तो इटलीत पादुआच्या विद्यापीठात गेला. वैद्यकासाठी पादुआचं तेव्हा मोठं नाव होतं, शिवाय गॅलिलिओही त्याच काळात तिथे गणित शिकवत होता. हार्वेचे गुरू फॅब्रिशियस यांनी शिरांच्या आतल्या बारीक झडपा विद्यार्थ्यांना दाखवल्या. पण त्या कशासाठी, हे त्यांना उमगलं नव्हतं. सगळं रक्त एकदम खाली साचू नये म्हणून त्या वेग कमी करतात, एवढंच त्यांना वाटे. १६०२ मध्ये पदवी घेऊन हार्वे परतला तो या झडपांचं कोडं डोक्यात घेऊनच.

तेव्हाचं वैद्यक चालायचं गेलेनच्या ग्रंथांवर. गेलेन हा दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य, म्हणजे चौदाशे वर्षं त्याचाच शब्द प्रमाण. तो सांगे, की आपण खातो त्याचं यकृतात रक्त होतं, ते शिरांमधून अंगभर पसरतं आणि तिथेच संपतं. पाटाचं पाणी वाफ्यात जिरतं ना, तसं. परत यायचा प्रश्नच नाही. हृदयाच्या उजव्या आणि डाव्या भागांमधल्या पडद्याला बारीक भोकं असून त्यातून थोडं रक्त झिरपतं, असंही तो मानी. ती भोकं कोणाला दिसत नव्हती, पण गेलेनने म्हटलंय म्हणजे असणारच! तेराव्या शतकात कैरोमध्ये इब्न अल-नफीस या अरब वैद्याने, अशी भोकं नाहीतच, रक्त फुप्फुसातून फिरून डावीकडे येतं, असं लिहून ठेवलं होतं. तरी युरोपातल्या वर्गांमध्ये गेलेनच चालू होता.

१६०४ मध्ये हार्वेचं लग्न झालं. बायको एलिझाबेथ, राणी एलिझाबेथच्या वैद्याची मुलगी. मूलबाळ झालं नाही. तिच्याविषयी फारसं काही वाचायला मिळत नाही. नवऱ्याच्या पुस्तकात ती येते तीही तिच्या पोपटामुळे. हा लाडका पोपट छान बोलायचा, गायचा, म्हणून तो नरच असं हार्वे धरून चालला होता. पोपट मेल्यावर त्याने तो फाडून पाहिला, तर पोटात अंडं! इतकी वर्षं घरात पोपट म्हणून मिरवलेली ती मादी निघाली. आपली ही चूक त्याने स्वतःच पुस्तकात छापली, हे मला फार आवडलं.

१६०९ पासून हार्वे लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात डॉक्टर होता. पुढे तो राजाचाही वैद्य झाला. पण त्याचं मन रमायचं हृदय बघण्यात. त्यासाठी त्याने बेडूक, साप, मासे, कुत्री असे कितीतरी प्राणी जिवंत चिरले. आज ते वाचताना अंगावर काटा येतो. थंड रक्ताच्या प्राण्यांचं हृदय सावकाश चालतं, त्यामुळे त्याला ते नीट बघता आलं. हृदय आवळतं तेव्हा रक्त बाहेर फेकलं जातं आणि त्याच क्षणी धमनी फुगते. मनगटावर आपल्याला नाडी लागते ती हीच.

मग त्याने केला एक साधा हिशेब. आजचे आकडे घेऊन आपणही करू. हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त बाहेर टाकतं. मिनिटाला ७० ठोके धरले तर झालं जवळजवळ पाच लिटर. तासाला तीनशे लिटर! आणि अख्ख्या अंगात रक्त असतं पाचेक लिटरच. हार्वेने आपले आकडे मुद्दाम खूप कमी धरले होते, तरी अर्ध्या तासात हृदयातून जाणारं रक्त अंगातल्या एकूण रक्ताहून जास्त निघालं. एवढं रक्त यकृताने करायचं तर माणसाने जेवायचं तरी किती? तेव्हा रक्त जिरत नाही, तेच ते पुन्हा फिरून येतं, असं त्याने ठरवलं. हृदयाकडून निघतं ते धमन्यांतून आणि परततं ते शिरांतून.

पुरावा त्याने माणसाच्या हातावरच दाखवला. दंडाला पट्टी अगदी करकचून बांधली की नाडी बंद होते आणि हात गार पडतो, कारण खोलवरच्या धमन्याही दाबल्या जातात. तीच पट्टी जरा सैल केली की नाडी चालू होते आणि हात लालभडक होऊन सुजतो. धमन्यांतून रक्त आत येतंय, पण वरवरच्या शिरा अजून दाबलेल्या, म्हणून त्याला परतता येत नाही. झडपांचं कोडंही इथेच सुटलं. हातावरची एक ठसठशीत शीर खालच्या टोकाला बोटाने दाबून धरा आणि दुसऱ्या बोटाने तिच्यातलं रक्त वर, कोपराकडे सारा. वरचं बोट काढलं तरी मधला भाग रिकामाच राहतो, कारण झडप रक्ताला मागे येऊ देत नाही. खालचं बोट उचललं की शीर झटकन भरते. झडप म्हणजे एकाच बाजूला उघडणारं दार.

पायातून रक्त वर चढतं तेही या झडपांच्या जोरावर. आपण चालतो तेव्हा पोटरीचे स्नायू शिरा दाबून रक्त वर ढकलतात. ओट्यापाशी तासन्‌तास एका जागी उभं राहिलं की ते ढकलणं थांबतं. झडपा सैल पडल्या तर रक्त मागे येऊन साचतं आणि पायावर निळ्या गाठाळ शिरा दिसू लागतात. बाळंतपणानंतर ज्यांना हा त्रास सुरू झाला त्यांना हे वेगळं सांगायला नको.

१६२८ मध्ये फ्रँकफर्टला त्याचं पुस्तक निघालं. लॅटिनमध्ये, जेमतेम ७२ पानांचं, छपाईच्या चुकांनी भरलेलं. ते वाचून लोकांनी त्याला वेड्यात काढलं, त्याचे रोगी कमी झाले. पॅरिसचा नामांकित वैद्य रिओलाँ तर पुढे कित्येक वर्षं विरोधात होता. हार्वेचा एक दुवाही सापडत नव्हता. धमन्या संपतात आणि शिरा सुरू होतात, त्यांच्या मधे काय? हिशेबाने तिथे रस्ता हवाच, पण डोळ्यांना दिसत नव्हता.

राजवैद्य म्हणून १६३४ मध्ये त्याच्याकडे एक वेगळंच काम आलं. उत्तरेकडच्या लँकशर परगण्यात एका लहान मुलाने गावातल्या बायकांना चेटकीण ठरवलं होतं. कुत्र्याची बाई झालेली मी पाहिली, त्यांच्या जमावात मला नेलं, असं तो सांगत सुटला. मग बाप त्याला घेऊन गावोगाव चेटकिणी ओळखायला हिंडू लागला, पैसे घेऊन! खटल्यात अनेकजणी दोषी ठरल्या. न्यायाधीशांना शंका आली म्हणून प्रकरण राजापर्यंत गेलं आणि चार बायकांना लंडनला आणलं. सैतानाची पिल्लं चेटकिणीचं रक्त पितात, त्याची खूण अंगावर राहते, अशी समजूत होती. ती खूण शोधायचं काम सुईणी आणि शल्यवैद्यांकडे आलं आणि त्यावर देखरेख हार्वेची. अंगावरचा एखादा मस किंवा गाठ बाईला फासावर पाठवायला पुरत असे, असा तो काळ. या लोकांनी तपासून लिहून दिलं, की तिघींच्या अंगावर काहीही वावगं नाही. चौथीच्या अंगावर आहे ती मूळव्याधीने किंवा जळवा लावल्याने ओढली गेलेली कातडी. पुढे मुलानेही कबूल केलं, की गुरं घरी आणायची सोडून तो खेळत बसला होता आणि मार चुकवायला त्याने हे रचलं. फाशी टळली. तरी त्यांतल्या काहीजणी १६३६ मध्येही तुरुंगातच होत्या. निर्दोष असून!

१६४२ मध्ये इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी पेटली. हार्वे राजाबरोबर रणांगणावर होता. दोन राजपुत्रांना सांभाळायचं काम त्याच्याकडे, तर हा कुंपणाआड पुस्तक वाचत बसला म्हणे! तिकडे लंडनला त्याचं राहतं घर लुटलं गेलं आणि वर्षानुवर्षांची टिपणं नष्ट झाली. ते दुःख त्याला शेवटपर्यंत होतं. एलिझाबेथ त्याच्या आधी गेली. म्हातारपणी तो भावांकडे राही, भावाबरोबर कॉफी पीत बसे. लंडनमध्ये कॉफीची दुकानं निघण्याआधीपासून या घरात कॉफी होत होती. तोवर नव्या पिढीच्या डॉक्टरांनी त्याचं म्हणणं मान्य केलं होतं. हे सुख फार थोड्या शास्त्रज्ञांना जिवंतपणी मिळतं.

३ जून १६५७ ला सकाळी तो उठला तो जीभ लुळी पडलेली. त्याने खुणेने भाचे-पुतण्यांना बोलावून आपल्या वस्तू वाटल्या आणि संध्याकाळपर्यंत गेला. मेंदूच्या रक्तवाहिनीनेच दगा दिला असावा.

चारच वर्षांनी, १६६१ मध्ये, इटलीच्या माल्पिघीने बेडकाचं फुप्फुस सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि त्याला धमन्या आणि शिरा जोडणारं केसाहून बारीक नळ्यांचं जाळं दिसलं. याच केशवाहिन्या. त्या इतक्या अरुंद असतात की तांबड्या पेशींना त्यातून एकीमागून एक, रांगेनेच जावं लागतं. हार्वेचा राहिलेला दुवा तो हाच.