भट्टीच्या आधी सूक्ष्मदर्शक

श्रीरामपूर परिसरात मळीचा वास कुणाला शिकवावा लागत नाही. ऊस, साखर, मळी आणि मळीपासून मद्यार्क, ही आमच्याकडची ओळखीची साखळी. बँकेत असताना कारखानदारीचे कर्जप्रस्ताव पाहायचो, तेव्हा यादीत सर्वांत महाग यंत्र वर असे. तपासणीची साधने तळाशी किंवा नाहीतच. अशा वेळी मला हटकून लुई पाश्चर आठवे.

पाश्चरचा जन्म १८२२ सालचा, फ्रान्समधल्या दोल गावचा. वडील कातडी कमावणारे. मुलगा रसायनशास्त्रज्ञ झाला आणि १८५४ मध्ये लील येथे विज्ञान शाखेचा प्रमुख म्हणून गेला. दोन वर्षांनी एका विद्यार्थ्याचे वडील, बिगो नावाचे कारखानदार, अडचण घेऊन आले. ते बीटाच्या रसापासून मद्यार्क काढीत आणि त्यांचे हौद नासत होते. पाश्चरजवळ होता एक साधा सूक्ष्मदर्शक आणि कोकवर तापणारी लहानशी उबकपेटी. चांगल्या हौदाच्या थेंबात त्याला गोलसर कण दिसले, नासलेल्यात लांबट. दोष भट्टीचा नव्हताच. भट्टी फक्त वेगळे करते. जे घडायचे ते आंबवणातच घडून गेलेले असते.

पुढे १८७१ मध्ये तो बिअरकडे वळला. मोड आणून वाळवलेले जव भरडून ठरावीक उष्णतेच्या पाण्यात कालवले, की त्यातल्या पिठाची साखर होते. पाणी फार तापले तर हे काम थांबते, म्हणून इथे तापमापकाशिवाय गत्यंतर नाही. मग काढा उकळून थंड करायचा. हवेतले जंतू नेमके तेव्हा शिरतात, म्हणून पाश्चरने बंद भांडी सुचवली. लंडनच्या व्हिटब्रेड कारखान्यात त्याने बिघडलेले यीस्ट दाखवून दिले, तर आठवडाभरात तिथे सूक्ष्मदर्शक विकत आला! १८७६ मध्ये या विषयावरचा त्याचा ग्रंथ निघाला.

हे काम चालू असताना घरी काय होते? १८५९ ते १८६६ या काळात त्याच्या तीन मुली गेल्या, त्यांपैकी दोघी विषमज्वराने. १८६८ मध्ये पक्षाघाताने डावे अंग लुळे पडले. तरी हौदातला प्रश्न त्याने माणसाच्या शरीराला विचारला आणि १८८५ मध्ये पिसाळलेला कुत्रा चावलेल्या जोसेफ माइस्टरला लस टोचली. पोरगा वाचला. पाश्चर १८९५ मध्ये गेला.

घरी दारू गाळण्याची हौस कुणाला असेल, तर १९४९ च्या दारूबंदी कायद्याने परवान्याविना ती गुन्हा आहे. शिवाय विषारी मिथेनॉल जिभेला कळत नाही. ते आधी डोळे नेते, मग प्राण. आंबवण्याचे शास्त्र मात्र खुशाल शिकावे. त्याला तापमापक, झाकणाचे स्वच्छ भांडे आणि सूक्ष्मदर्शक एवढे पुरे. घरातल्या शाळकरी मुलाला इडलीच्या पिठाचा एक थेंब काचेवर दाखवून पाहा. पाश्चरची सुरुवातही अशाच एका थेंबापासून झाली होती.