विज्ञानासाठी झोळी घेऊन फिरलेले डॉ. महेंद्रलाल सरकार

दरवर्षी २८ फेब्रुवारी हा दिवस देशभर राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा केला जातो. १९२८ साली याच दिवशी चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आपला प्रकाशविषयक शोध जाहीर केला आणि दोन वर्षांनी त्यांना नोबेल पारितोषिकाने गौरविण्यात आले, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. मात्र हा शोध ज्या प्रयोगशाळेत लागला ती ना सरकारची होती, ना विद्यापीठाची. ती उभी राहिली होती वर्गण्या आणि देणग्यांमधून, आणि या देणग्या गोळा करण्यात एका डॉक्टरने आयुष्याची सुमारे ३५ वर्षे खर्ची घातली होती. त्यांचे नाव महेंद्रलाल सरकार. रामन यांनी शोध जाहीर केला तेव्हा त्यांच्या निधनाला २४ वर्षे आणि ५ दिवस झाले होते.

संशोधनासाठी पैसा कोणी द्यावा, हा प्रश्न आज पुन्हा चर्चेत आहे. २०२३ साली संसदेने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान कायदा संमत केला. त्या वेळी पाच वर्षांसाठी ५० हजार कोटी रुपयांचा खर्च अपेक्षित धरण्यात आला आणि त्यातील मोठा वाटा उद्योग, दाते व अन्य बिगरसरकारी स्रोतांकडून यावा, अशी कल्पना मांडण्यात आली. खासगी दात्यांनी मूलभूत संशोधनाला हात द्यावा, ही अपेक्षा आपल्या देशात नवी नाही. तिचा पहिला मोठा प्रयोग एकोणिसाव्या शतकात कोलकात्यात झाला.

महेंद्रलाल यांचा जन्म २ नोव्हेंबर १८३३ रोजी हावडा जिल्ह्यातील पाइकपाडा या गावी झाला. लहानपणीच आधी वडिलांचे आणि पुढे आईचे छत्र हरपले. कोलकात्यातील मामांनी त्यांचा सांभाळ केला. हेअर स्कूल आणि हिंदू कॉलेज येथील शिक्षणानंतर त्यांनी कलकत्ता मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला. तेथे शिकत असतानाच नेत्रविज्ञानातील एका प्रश्नाचे त्यांनी असे अचूक उत्तर दिले की, प्राध्यापकांनी त्यांनाच इतर विद्यार्थ्यांपुढे प्रकाशशास्त्रावर व्याख्याने देण्यास सांगितले. पुढे ज्या संस्थेचे नाव प्रकाशाच्या अभ्यासामुळे जगभर झाले तिचा संस्थापक विद्यार्थिदशेत हाच विषय शिकवत होता, हा योगायोग मोठा रम्य आहे. १८६३ साली त्यांनी एम. डी. ही पदवी मिळवली. कलकत्ता विद्यापीठाची ही पदवी घेणारे ते दुसरेच.

या तरुण डॉक्टरपुढे मानमरातबाची वाट मोकळी होती. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या बंगाल शाखेचे ते एक चिटणीस होते आणि होमिओपॅथीवर कडाडून टीका करीत होते. या पद्धतीवरील एका पुस्तकाचे परीक्षण लिहिण्याचे काम त्यांच्याकडे आले. पुस्तक झोडपायचे तर पद्धत प्रत्यक्ष पाहावी, म्हणून ते राजेंद्रलाल दत्त यांच्या रुग्णांचे निरीक्षण करू लागले. त्यातून त्यांचे मत पालटले आणि फेब्रुवारी १८६७ मध्ये असोसिएशनच्या वार्षिक सभेतच त्यांनी ते जाहीर केले. सभेत गदारोळ माजला. व्यवसायबंधूंनी त्यांना वाळीत टाकले आणि काही काळ त्यांचा दवाखाना ओस पडला. १८७८ साली विद्यापीठाच्या वैद्यक शाखेतील सदस्यांनी त्यांच्यासोबत बसण्यास नकार दिला, इतका हा राग टिकून होता.

होमिओपॅथीच्या मूळ तत्त्वांना पुढील काळातील संशोधनाने दुजोरा दिला नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. तथापि महेंद्रलालांच्या स्वभावातील एक धागा या प्रसंगातून दिसतो. ऐकीव मतापेक्षा डोळ्यांनी पाहिलेले प्रमाण मानायचे, मग त्याची किंमत कितीही पडो. भारतीयांनीही निसर्गाला स्वतः प्रश्न विचारले पाहिजेत, हा त्यांचा आग्रह याच वृत्तीतून आला होता.

१८६८ साली त्यांनी ‘कलकत्ता जर्नल ऑफ मेडिसिन’ हे नियतकालिक सुरू केले. त्यात ऑगस्ट १८६९ मध्ये त्यांनी एक लेख लिहिला. भारतीयांनी भारतीयांसाठी चालवलेली, विज्ञानाच्या अभ्यासाला वाहिलेली राष्ट्रीय संस्था हवी, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्या काळी कलकत्ता विद्यापीठ प्रामुख्याने परीक्षा घेणारी संस्था होती. महाविद्यालयांत विज्ञान शिकवले जाई ते बहुतांशी पुस्तकातून. प्रयोग करून नवे ज्ञान मिळवणे हे युरोपीयांचे काम आणि ते पाठ करणे हे आपले, अशी जणू वाटणीच झालेली होती.

महेंद्रलालांपुढे आदर्श होता तो लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनचा. तेथे एकाच छताखाली संशोधन चाले आणि सर्वसामान्यांसाठी व्याख्यानेही होत. ३ जानेवारी १८७० रोजी ‘हिंदू पेट्रियट’ या पत्रात त्यांनी नियोजित संस्थेचे आवाहन प्रसिद्ध केले. संस्थेचे इंग्रजी नाव त्यांनी योजले ते ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’. मराठीत याचा अनुवाद सहसा विज्ञान संवर्धन सभा असा केला जातो. भाषांतराच्या दृष्टीने तो योग्यच आहे, पण ‘कल्टिव्हेशन’ या शब्दातील मातीचा वास त्यात उरत नाही. मशागत हा आपला साधा शब्द मूळ अर्थाच्या अधिक जवळ जातो. नांगरणी आधी आणि पीक पुढे केव्हातरी, असेच त्या कामाचे स्वरूप होते.

अडचण नेमकी येथेच होती. शाळा, धर्मशाळा, घाट किंवा देऊळ यांसाठी पैसे मागणे सोपे असते, कारण दात्याला आपले दान डोळ्यांनी दिसते. ज्या कामातून काय निष्पन्न होईल हे करणाऱ्यालाही सांगता येत नाही, त्यासाठी पैसा मागायचा कसा? उत्तरपाड्याचे जमीनदार जयकृष्ण मुखोपाध्याय यांनी १ हजार रुपयांची पहिली देणगी दिली. ईश्वरचंद्र विद्यासागर यांनीही हातभार लावला. परंतु नंतरचा ओघ मंद होता. आवाहनाला दोन वर्षे उलटून गेली तरी पुरेसा निधी जमला नव्हता. १८७२ साली बंकिमचंद्र चट्टोपाध्याय यांनी आपल्या ‘वंगदर्शन’ मासिकातून या सभेसाठी बंगाली वाचकांना साद घातली. विवाह, पूजा-उत्सव आणि इंग्रज अधिकाऱ्यांचे सत्कार यांवर पाण्यासारखा पैसा ओतणाऱ्या त्या शहरात विज्ञानासाठी एकेक रुपया मोजून घ्यावा लागत होता.

महेंद्रलालांना दिलासा मिळाला तो सेंट झेविअर्स कॉलेजमधील बेल्जियन जेझुइट पाद्री यूजीन लाफों यांच्याकडून. भौतिकशास्त्राचे प्रयोग लोकांसमोर करून दाखवण्यात लाफों यांचा हातखंडा होता. धर्मोपदेशक आणि मनस्वी डॉक्टर अशी ही जोडी अखेरपर्यंत टिकली.

१८७५ च्या सुमारास नवे संकट उभे राहिले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या इंडियन लीग या संघटनेने तंत्रशिक्षणाची योजना पुढे आणली. देश दरिद्री आहे, तेव्हा तरुणांना पोट भरण्यासाठी हुन्नर शिकवावे, शुद्ध विज्ञानाची चैन आपल्याला कशी परवडेल, असा तिच्या समर्थकांचा सवाल होता. हा प्रश्न वरवरचा नव्हता. बंगाल आणि ओरिसातील १८६६ च्या भीषण दुष्काळाला तेव्हा जेमतेम दशक लोटले होते. महेंद्रलाल आणि लाफों यांची भूमिका अशी होती की, मूळ विज्ञान स्वतः निर्माण न करता केवळ त्याचा वापर शिकणारा देश कायम दुसऱ्यांच्या हाताखालचा कारागीर राहील. जाहीर सभांतून वाद झडला. दोन्ही उद्दिष्टांसाठी एकच संस्था काढण्याचाही विचार पुढे आला, पण महेंद्रलाल आपल्या म्हणण्यावरून हटले नाहीत. बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांनी त्यांच्या योजनेला पाठबळ दिले.

टेंपल यांनी सरकारी जागा देऊ केली, पण सभेने आधी स्वतःच्या पायावर उभे राहून दाखवावे, या अटीवर. जमलेल्या रकमेचा मोठा भाग सरकारी रोख्यांत गुंतवायचा, मुद्दलाला हात न लावता व्याजावर आणि सभासदांच्या वर्गणीवर काम चालवायचे, अशी ही व्यवस्था होती. महेंद्रलालांनाही ती मानवली, कारण सरकारची मदत त्यांना हवी होती, सरकारचा कारभार नको होता. अखेर २९ जुलै १८७६ रोजी २१०, बहूबाजार स्ट्रीट येथे सभेचे कार्य सुरू झाले. पहिल्या आवाहनापासून साडेसहा वर्षे गेली होती.

सभेत संध्याकाळी व्याख्याने होऊ लागली. लाफों आणि महेंद्रलाल स्वतः शिकवत. पुढे जगदीशचंद्र बोस, आशुतोष मुखर्जी, भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांच्यासारख्यांनीही येथे वर्ग घेतले. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या भाची सरलादेवी यांनी विज्ञान शिकण्याचा हट्ट धरला, तेव्हा त्यांनाही या व्याख्यानांना बसता आले. मुलींच्या शिक्षणाची व्यवस्था नुकतीच आकार घेत असलेल्या काळातील ही गोष्ट आहे. १८८० च्या दशकात सभेचे स्वतःचे व्याख्यानगृह झाले. विजयनगरमच्या महाराजांच्या देणगीतून प्रयोगशाळा बांधण्यात आली आणि १८९१ मध्ये ती सुरू झाली. कालीकृष्ण ठाकूर यांनी उपकरणांसाठी मोठी रक्कम दिली.

इमारत झाली, उपकरणे आली. मात्र सर्वांत महत्त्वाची गोष्ट राहून गेली. पूर्णवेळ संशोधन करणारे, त्यासाठी कायम वेतन मिळणारे प्राध्यापक नेमावेत, ही महेंद्रलालांची मूळ कल्पना होती. त्यासाठी लागणारा स्थायी निधी कधीच जमला नाही. दगडी पाटीवर नाव कोरता येते म्हणून इमारतीसाठी दाता मिळतो, माणसाच्या पगारासाठी मात्र मिळत नाही, हा अनुभव संस्था चालवणाऱ्यांना आजही अपरिचित नसावा. येथील अध्यापक बहुधा मोबदल्याविना शिकवत आणि दिवसभर अन्यत्र नोकरी करीत. अशा स्थितीत व्याख्याने होऊ शकतात, संशोधन होणे अवघड.

वैयक्तिक सन्मानांची मात्र वाण नव्हती. १८८३ मध्ये सी. आय. ई. हा किताब, १८८७ मध्ये कोलकात्याचे शेरीफपद, १८९८ मध्ये विद्यापीठाची सन्माननीय डॉक्टरेट. शहरातील अग्रगण्य चिकित्सकांत त्यांची गणना होई. १८८५ मध्ये रामकृष्ण परमहंस घशाच्या असाध्य विकाराने आजारी असताना उपचारांसाठी त्यांनाच बोलावण्यात आले. औषध देऊन झाल्यावरही हे विज्ञाननिष्ठ डॉक्टर तेथे तासन्‌तास चर्चेत रमत. देवघर येथे कुष्ठरुग्णांसाठी त्यांनी आश्रयस्थान उभारून दिले आणि त्याला पत्नी राजकुमारी यांचे नाव दिले. दुसऱ्यांकडे मागणारा हा माणूस स्वतः देण्यातही मागे नव्हता.

याच सुमारास, १८९८ मध्ये, मुंबईत जमशेटजी टाटा यांनी संशोधन संस्थेसाठी आपल्या संपत्तीचा मोठा वाटा देण्याची तयारी दर्शवली. त्यातून बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था १९०९ साली आकाराला आली, पण ती पाहायला जमशेटजीही उरले नव्हते. एका उद्योगपतीने एकरकमी दिलेले दान आणि एका डॉक्टरने दारोदार फिरून जमवलेला निधी, दोन्ही वाटा लांबच्याच ठरल्या.

अखेरच्या वर्षांत महेंद्रलाल खचले होते. प्रकृती ढासळली होती. सभेच्या वार्षिक बैठकांतील त्यांची भाषणे उत्तरोत्तर निराशेकडे झुकत गेली. देशबांधवांच्या उदासीनतेचे कारण आपल्याला उमगत नाही, ही खंत त्यांनी व्यक्त केली आणि तरुणांनी पुढे येऊन ही जबाबदारी उचलावी, असे सांगितले. संस्था अयशस्वी ठरली, अशीच त्यांची धारणा होती. २३ फेब्रुवारी १९०४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र अमृतलाल यांनी सभेचे चिटणीसपद स्वीकारले, प्रयोगशाळा उघडी ठेवली आणि उपकरणे सांभाळली. ती वापरणारे मात्र फारसे कोणी नव्हते.

१९०७ मध्ये अर्थखात्यातील एक तरुण अधिकारी नोकरीनिमित्त कोलकात्यात आला. ट्रामने जाताना बहूबाजार स्ट्रीटवरील सभेची पाटी त्याच्या नजरेस पडली. हा अधिकारी म्हणजे रामन. वय अवघे १८. अमृतलालांनी त्यांना प्रयोगशाळा खुली करून दिली. पहाटे आणि कचेरी सुटल्यानंतर रात्री ते तेथे काम करू लागले. मध्यंतरी रंगून व नागपूर येथे बदली झाल्याने खंड पडला, पण १९११ मध्ये ते परतले. १९१७ मध्ये सरकारी नोकरी सोडून ते कलकत्ता विद्यापीठात पालित प्राध्यापक झाले. हे पदही सर तारकनाथ पालित यांच्या देणगीतून निर्माण झालेले होते. नियुक्ती विद्यापीठात असली तरी रामन यांचे संशोधन बहूबाजारातच चालू राहिले आणि अमृतलाल यांच्या निधनानंतर, १९१९ मध्ये, सभेची सूत्रे त्यांच्याकडे आली. १९२८ च्या शोधात त्यांचे सहकारी होते ते करियामाणिक्कम श्रीनिवास कृष्णन.

सभा पुढे जादवपूर येथे हलली आणि आजही तेथे कार्यरत आहे. बहूबाजारातील जुन्या जागेवर आता वाणिज्य महाविद्यालय आहे. ज्या पूर्णवेळ प्राध्यापकपदासाठी महेंद्रलालांनी हयातभर हात पसरले ते १९३३ साली सभेत निर्माण झाले. त्याला महेंद्रलाल सरकार यांचेच नाव देण्यात आले आणि त्यावर कृष्णन यांची नेमणूक झाली.